कढीपत्त्यावरची अळी फेकण्याआधी: घरात फुलपाखरू कसं वाढवतात?

कराडमधली गच्ची असो की मिरजेतली गॅलरी, कुंडीतल्या कढीपत्त्याची कोवळी पानं कुरतडलेली दिसली की घरातलं कुणीतरी अळी शोधायला लागतं. बहुतेक वेळा अळी सापडतच नाही. पानावर दिसते ती पक्ष्याची विष्ठा, काळपट आणि मधे पांढरा डाग असलेली. ती विष्ठा नसते, तीच अळी असते. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून तिचं हे सोंग असतं आणि शेवटची कात टाकल्यावर ती एकदम हिरवीगार होते.

कढीपत्ता आणि लिंबावरच्या या अळ्या बहुधा दोन फुलपाखरांच्या असतात: लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मन. मुलांसोबत घरात वाढवायला या दोन्ही सोप्या. २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेलं ब्लू मॉर्मनही याच कुळातलं. पाटण, महाबळेश्वर किंवा शिराळ्याच्या बाजूला परसात पपनस वा लिंबू असेल तर त्याची अळीही सापडू शकते.

आधी पान, मग डबा

अळी वाढवायची म्हणजे पारदर्शक डबा आणायचा असा समज असतो. खरी गोष्ट पानाची आहे. प्रत्येक फुलपाखराची मादी ठरावीक झाडांवरच अंडी घालते आणि अळीला त्याच झाडांची पानं चालतात. कोबीचं किंवा जास्वंदीचं पान टाकलं तर लिंबावरची अळी उपाशी मरेल, पण ते खाणार नाही. म्हणून अळी ज्या झाडावर सापडली त्याच झाडाची पानं शेवटपर्यंत द्यायची.

इथेच सगळ्यात मोठी चूक होते. घरच्या कुंडीतली पानं संपली की बाजारातून कढीपत्त्याची जुडी आणली जाते. तिच्यावर कीटकनाशक फवारलेलं असेल तर अळी काही तासांत तडफडते, हिरवं पाणी ओकते आणि काळी पडते. धुऊन घेतलेल्या पानांचीही खात्री नसते. तासगाव, कवठेमहांकाळकडे घराला लागून द्राक्षबाग असेल तर फवारा वाऱ्याबरोबर परसातल्या लिंबावरही येतो. दोन कुंड्या हाताशी नसतील तर दोन-तीनपेक्षा जास्त अळ्या आणूच नयेत. शेवटच्या आठवड्यात एकेक अळी किती पानं फस्त करते हे पाहिल्याशिवाय पटत नाही.

सातारा-सांगलीच्या शेतकऱ्यांना या अळ्या अनोळखी नाहीत, फक्त त्यांची ओळख 'कीड' म्हणून आहे. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या सांगलीच्या हळदीवर पान गुंडाळणारी अळी येते. ती ग्रास डेमन या तपकिरी-पांढऱ्या फुलपाखराची. आटपाडी, जत, माणच्या डाळिंबबागांत फळ पोखरणारी 'सुरसा' हीसुद्धा एका फुलपाखराचीच अळी. डाळिंबवाल्याने तिचं कौतुक करावं अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही. पण हळदीचं गुंडाळलेलं पान हलकेच उलगडून दाखवलं तर शेतकऱ्याच्या मुलालाही ते नवीन असतं.

रोजची कामं

अळीला बोटांनी उचलू नये, पान देठासकट तोडून आणावं. रुंद तोंडाची बरणी किंवा पुठ्ठ्याचं खोकं घेऊन वर जाळीचं कापड बांधावं. हवाबंद झाकण लावलं की आत पाणी साचतं, बुरशी येते आणि अळ्या मरतात. फांदी पाण्याच्या बाटलीत ठेवायची असेल तर बाटलीचं तोंड कापसाने बंद करावं, नाहीतर अळी देठावरून उतरून बुडते. तिला वेगळं पाणी लागत नाही. विष्ठा रोज काढायची, हे काम मुलांकडे द्यावं. मुंग्या लागू नयेत म्हणून बरणी पाण्याच्या ताटलीत मधे वाटी पालथी घालून तिच्यावर ठेवतात. लाडवाच्या डब्याचीच युक्ती.

अंडं ३-४ दिवस, अळी दोन ते तीन आठवडे आणि कोश साधारण ८ ते १२ दिवस असा हिशेब असतो. थंडीत तो लांबतो. अळीला डिवचलं तर डोक्यामागून लालसर, दुहेरी शिंगासारखा अवयव बाहेर येतो आणि आंबूस उग्र वास सुटतो. मुलांना हे फार आवडतं, पण वारंवार करायला लावू नये.

एके दिवशी अळी खाणं सोडते, पातळ विष्ठा टाकते आणि बरणीभर फिरत सुटते. आजारी पडली असं वाटतं, पण ती जागा शोधत असते. तेव्हा आत एक तिरकी काडी हवी. काडीला शेपटाकडून चिकटून, कमरेला रेशमाचा एक धागा बांधून ती स्थिर होते आणि दुसऱ्या दिवशी कात टाकून कोश होते. रेशीमकिड्यासारखा कोसला ती विणत नाही.

कोश काळवंडून आतल्या पंखांची नक्षी दिसू लागली की फुलपाखरू बाहेर येण्याची वेळ झाली. बाहेर आल्यावर त्याला पंख खाली सोडून लटकायला मोकळी जागा लागते. बरणी अरुंद असेल तर पंख चुरगळलेलेच वाळतात आणि ते कधीच उडत नाही. त्याच वेळी लालसर पातळ थेंब गळतात, ते रक्त नव्हे. खोलीतल्या पालीकडे मात्र लक्ष असू द्यावं.

कोशातून दुसरंच काही निघालं तर?

कधी कोशाला बारीक भोक पडतं आणि आतून चिमुकल्या गांधीलमाश्या निघतात. त्यांच्या आईने कोशातच अंडी घातलेली असतात. मुलं रडतात. हा आपला निष्काळजीपणा नसतो आणि तसं मुलांना सांगावं. या माश्या नसत्या तर लिंबाच्या बागांत पान उरलं नसतं, हेही सांगता येतं, पण त्या दिवशी नको.

रुईवरच्या प्लेन टायगरची काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळीही वाढवायला सोपी. समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी नऊ याच दोन जिल्ह्यांत आहेत आणि मारुतीला रुईच्या पानांची माळ लागते, त्यामुळे झाड शोधावं लागत नाही. पण रुईचा चीक डोळ्यांना घातक आहे. पानं मोठ्यांनीच तोडावीत आणि हात साबणाने धुवावेत. शेवग्यावरचे केसाळ सुरवंट घरात आणूच नयेत. त्यांचे केस टोचून खाज सुटते आणि त्यांतून पतंग निघतात.

चांदोली राष्ट्रीय उद्यानातून किंवा कासच्या पठारावरून अळी किंवा पानही आणायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टांत काही फुलपाखरांची नावं आहेत, म्हणून घरच्या झाडावरची नेहमीची अळीच बरी. पावसानंतर, सप्टेंबरपासून ती सहज मिळते. एरवी कढीपत्ता छाटून नवी पालवी येऊ द्यावी, कोवळ्या पानांवर मादी येते.

पंख वाळायला तास-दोन तास लागतात. मग ऊन असेल तेव्हा, ज्या झाडावरून अळी आणली त्याच्याजवळ फुलपाखरू सोडावं. कॉमन मॉर्मन असेल तर एक घोटाळा होऊ शकतो. त्याच्या माद्या तीन प्रकारच्या दिसतात: एक नरासारखी, बाकी दोन गुलाब कुळातल्या विषारी फुलपाखरांची नक्कल करणाऱ्या. एकाच फांदीवरच्या दोन अळ्यांतून दोन वेगळीच फुलपाखरं निघाली की बरणी कुणी बदलली असा संशय मुलं घेतात. खूण पंखांत नसते, अंगात असते: खऱ्या विषारी फुलपाखराचं अंग लाल, नक्कल करणारीचं काळं.