भिंतीवरील अक्षरें

तुरुंगांत पडलेल्या मनुष्याजवळ दुसरें कांहीं नसलें तरी एक आकडा असतो. अमुक वर्षें, अमुक महिने. त्यांतून गेलेला दिवस वजा करितां येतो. परंतु ज्याच्यावर कोणताहि गुन्हा शाबीत झाला नाहीं, परक्या देशाच्या दारांत उभा राहिला एवढ्यासाठींच ज्याला कोंडून ठेविलें, त्याच्या वांट्यास हा आकडाहि येत नाहीं. हें दुःख कैदेहून निराळें आहे. मनावर त्याचा घाव कसा बसतो हें पाहावयाचें असेल, तर अमेरिकेंत सान फ्रान्सिस्कोच्या उपसागरांतील एंजल बेटाचा इतिहास चाळावा.

अमेरिकेनें १८८२ सालीं कायदा करून चिनी मजुरांस देशांत येण्याची बंदी केली. व्यापारी, विद्यार्थी आणि अमेरिकन नागरिकांचीं मुलें यांस मात्र मोकळीक होती. पुढें १९०६ च्या भूकंपांत व त्यामागून लागलेल्या आगींत सान फ्रान्सिस्कोचीं जन्मनोंदींचीं दप्तरें जळालीं. तेव्हां आपण येथेंच जन्मलों असें अनेक चिनी सांगूं लागले, आणि त्यांचे पुत्र म्हणून केवळ कागदोपत्रीं पुत्र असलेले तरुणहि येऊं लागले. या सर्वांची छाननी करणारें ठाणें १९१० च्या जानेवारींत एंजल बेटावर उघडलें. हिंदुस्थानांतून गेलेल्या पंजाबी मजुरांसहि त्या ठाण्याची ओळख झाली.

छाननीची रीत विलक्षण होती. तुमच्या घराला पायऱ्या किती? तांदूळ कोठें ठेवीत? गांवची विहीर घरापासून कोणत्या दिशेस? हीं उत्तरें अमेरिकेंतील नातलगांच्या उत्तरांशीं ताडून पाहत. खोट्या नात्यानें येणारा मनुष्य उत्तरांच्या वह्या जहाजावर पाठ करी व बंदर येण्यापूर्वीं त्या समुद्रांत टाकी. पण खऱ्या मुलाची भीतिहि कमी नव्हती. आपल्यापैकीं कितीजणांस आजोळच्या घराच्या पायऱ्या बिनचूक सांगतां येतील? उत्तरें जुळलीं नाहींत, तर परतीचें जहाज वाट पाहत असे.

निकाल लागेपर्यंत नातलगांची भेट नाहीं. नवराबायकोसहि निरनिराळ्या दालनांत ठेवीत. कोणी थोड्या दिवसांत सुटे, कोणाचे महिने जात. एकाची कैद तर दोन वर्षांहूनहि लांबली. हाताला काम नसे, आणि मनांत तींच उत्तरें घोळत राहत. १९२२ सालीं चिनी बंद्यांनीं नवख्यांस धीर देण्यासाठीं आपलें एक मंडळ काढलें, यावरून त्या धीराची गरज किती होती तें दिसतें. पुष्कळ वर्षांनीं सांगितलेल्या आठवणींत आत्महत्यांच्या वार्ता आहेत. जे सुटले त्यांतील कित्येकांनीं खोटें आडनांव जन्मभर वागविलें व आपल्या मुलांजवळहि या बेटाची गोष्ट काढली नाहीं.

मात्र जें बोलवेना तें त्यांनीं लांकडी भिंतींवर कोरलें. घरची ओढ, लाज, संताप हे सारे जुन्या चिनी छंदांत उतरले. अधिकाऱ्यांनीं तीं अक्षरें लांबी भरून व रंग देऊन बुजविलीं. १९४० च्या आगींत मुख्य इमारत जळाली. स्त्रियांचें दालन तींतच होतें, त्यामुळें तेथील भिंतीहि गेल्या. ठाणें त्याच वर्षीं बंद झालें. १९७० सालीं उरलेली इमारत पाडण्याचें घाटत असतां अलेक्झांडर वाइस नांवाच्या उद्यानरक्षकाच्या दृष्टीस तीं अक्षरें पडलीं, आणि त्यांच्यामुळेंच ती इमारत वांचली. आज दोनशेंहून अधिक कविता नोंदल्या गेल्या आहेत.

चिनी लोकांवरील बंदी १९४३ सालीं उठली. अनिश्चित मुदतीच्या कोंडवाड्याची रीत मात्र उठली नाहीं. होड्यांतून येणाऱ्या आश्रितांस ऑस्ट्रेलियानें २००१ पासून नौरू बेटावर धाडलें. तेथें मानसोपचार करणाऱ्या परदेशी डॉक्टरांच्या संस्थेस नौरू सरकारनें २०१८ सालीं काढून लाविलें. स्थानबद्धता जितकी लांबते तितकी खिन्नता व चिंता वाढते, असें वैद्यकीय अभ्यासांतून पुन्हां पुन्हां दिसून आलें आहे. एंजल बेटाच्या भिंती तेंच पूर्वीं सांगत होत्या.

आपल्या घरांत कोणास घ्यावें हें ठरविण्याचा हक्क राष्ट्रास असेल. पण हो किंवा नाहीं हें न सांगतां मनुष्यास त्रिशंकूप्रमाणें अधांतरीं टांगून ठेवणें, ही न सुनावलेली शिक्षाच होय. निदान तुरुंगांतील गुन्हेगारास मिळणारा आकडा तरी त्या निरपराध्यास मिळावा, एवढेंच मागणें त्या भिंतींवरील अक्षरांतून ऐकूं येतें.