बैलाच्या आडून

"पक्ष्यांचे फोटो काढायचे आहेत, लेन्स कुठली घेऊ?" पावसाळ्याच्या तोंडाशी हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्याच्या गावातही आता काही घरांत चांगले कॅमेरे आहेत. विचारणाऱ्याला आकडा हवा असतो. चारशे की सहाशे? आकडा मी सांगतो, पण त्याआधी उलट विचारतो, "तुम्ही पक्ष्याच्या किती जवळ जाऊ शकता?" कारण लेन्स ठरते ती अंतरावरून. माणूस आणि पक्षी यांच्यातलं हे अंतर कसं कापायचं, याचा इतिहास म्हणजेच पक्षी-छायाचित्रणाचा इतिहास. त्याचा एक धागा आमच्या तालुक्याच्या माळांवरून जातो, म्हणून हा लेख.

हिशेब अगदी सोपा आहे. आपल्याकडचा तितर साधारण ३० सेंटिमीटर लांब. तो ३० मीटरवर असेल आणि कॅमेऱ्याला ५० मिमीची लेन्स असेल, तर सेन्सरवर त्याची प्रतिमा पडते अर्ध्या मिलिमीटरची. म्हणजे ठिपकाच. ६०० मिमीची लेन्स लावली की तीच प्रतिमा ६ मिलिमीटर होते. आता हीच ६ मिलिमीटरची प्रतिमा ५० मिमीच्या लेन्सने हवी असेल तर? तितरापासून अडीच मीटरवर जावं लागेल. थोडक्यात, लांब लेन्स म्हणजे न चाललेले साडेसत्तावीस मीटर. ते पैसे देऊन विकत घ्यायचे, की कसबाने चालायचे, एवढाच प्रश्न आहे.

सुरुवातीच्या छायाचित्रकारांना विकत घेण्याचा पर्याय जवळजवळ नव्हताच. टेलिफोटो लेन्सचा शोध १८९१चा. लंडनचे डालमायर, बर्लिनचे मीटे आणि म्युनिकचे श्टाइनहाइल या तिघांनी ती स्वतंत्रपणे, एकाच वर्षी मांडली. पण ती प्रकाश फार कमी आत घ्यायची आणि तेव्हाच्या काचेच्या प्लेटा मंद होत्या. डोंगर किंवा देवळाचा कळस टिपायला ठीक, हलणाऱ्या पक्ष्याला निरुपयोगी. साहजिकच छायाचित्रकारांनी दुसरी वाट धरली. रिचर्ड आणि चेरी कीअर्टन हे इंग्लंडमधल्या यॉर्कशरचे शेतकरी घरातले दोन भाऊ. त्यांनी १८९२ मध्ये अंड्यांसह पक्ष्याच्या घरट्याचा फोटो काढला आणि १८९५ मध्ये घरट्यांवरचं सबंध पुस्तक छायाचित्रांसह आणलं. १९०० मध्ये त्यांनी एक बैल बनवून घेतला. खऱ्या बैलाचं कातडं, आत लाकडी सांगाडा, आणि पोटात कॅमेऱ्यासह वाकून उभा माणूस. गुरं चरतात त्या रानात बैल उभा असला तर पक्षी बिचकत नाहीत, हे शेतकऱ्याच्या पोरांना ठाऊक होतं. एकदा रिचर्ड त्या बैलाच्या पोटातच चक्कर येऊन पडला, अशीही हकिकत आहे. छायाचित्रणाच्या इतिहासात हा बैल प्रसिद्ध आहे. त्याचं चित्र पाहून आजही लोक हसतात आणि भावांच्या कल्पकतेला दाद देतात.

मला त्यात नवल वाटत नाही. कारण तोच बैल, तोही चालता-बोलता, आमच्याकडे आधीपासून होता.

रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा ग्रंथ १९१६ मध्ये निघाला. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला होता. त्यात पारध्यांचे पोटभेद दिले आहेत. फासे लावणारे ते फासेपारधी, शिकवलेला चित्ता बाळगणारे ते चितेवाले, आणि बैलाच्या आडून सावजापर्यंत पोचणारे ते 'गायके'. नोंद एका ओळीची आहे. पण त्या ओळीमागचं काम एका ओळीचं नाही. जनावर शिकवलेलं हवं. त्याच्या खांद्यामागे माणसाने वाकून चालायचं, पाय त्याच्या पायाशी जुळवून टाकायचे. पक्ष्याकडे सरळ जायचं नाही. चरत चरत, आडवं-तिडवं, मध्येच थांबत जायचं. फासेपारध्याची तितराची पारध तर याहून संथ. काटक्यांना बांधलेल्या फासांची ओळ मांडायची, तितराचा आवाज तोंडाने काढायचा, आणि पक्षी उडणार नाही अशा बेताने त्याला हळूहळू त्या ओळीकडे चालवत न्यायचं. उडाला की दिवस वाया. म्हणजे पक्षी नेमका किती अंतरावर बेचैन होतो, हे रोज पोटाला चिमटा घेऊन शिकायचं.

या तालुक्यात फासेपारध्यांची वस्ती आहे. मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसले यांनी फासेपारधी मुलांसाठी काढलेली 'प्रश्नचिन्ह' आश्रमशाळा आहे. समृद्धी महामार्गाच्या आखणीत तिची काही जागा गेली, तेव्हा तिचं नाव पेपरांत गाजलं होतं. या समाजातल्या एका म्हाताऱ्या माणसाला मी विचारलं होतं, जवळ जायचं कसं? घरात ते त्यांची गुजरातीच्या वळणाची बोली बोलतात, माझ्याशी वऱ्हाडीत बोलले. "भाऊ, पाखरू मानसाच्या पायाले नाई भेत, त्याच्या डोयाले भेते." पुढे त्यांनी समजावलं की नजर पक्ष्यावर रोखायचीच नाही, बाजूच्या झुडपाकडे पाहत चालायचं. लेन्सचं तोंड हा आमचा सगळ्यात मोठा डोळा. तो रोखून सरळ चालत जाणारे आम्ही, आणि मग पक्षी उडाला म्हणून लेन्स कमी पडली असं म्हणणारेही आम्हीच.

कीअर्टन आणि गायके यांच्या वाट्याला पुढे जे आलं, ते मात्र सारखं नव्हतं. चेरी कीअर्टन आफ्रिकेत चित्रपट काढणारा नामांकित माणूस झाला. इकडे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला आणि पुढे पारध्यांचे अनेक गट त्यात नोंदले गेले. हजेरी, झडती, जन्मानेच गुन्हेगार. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, संशय राहिला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबवली. ते पक्ष्यांसाठी गरजेचंच होतं. पण ज्या कसबावर माणसं जगत होती, ते दुसऱ्या कशासाठी वापरता येईल का, हा विचार त्या कायद्यात नव्हता.

भारतातल्या पक्षी-छायाचित्रणाची पहिली मोठी नावं घरट्याशी बसूनच घडली. ई. एच. एन. लोथर यांचं 'अ बर्ड फोटोग्राफर इन इंडिया' १९४९ चं. सलीम अलींचे मित्र, सिंगापूरचे चित्रपट-व्यावसायिक लोक वान थो यांचं 'अ कंपनी ऑफ बर्ड्स' १९५७ चं. घरट्यापाशी आडोसा उभारायचा आणि आत तासन् तास बसायचं, ही त्या काळची रीत. लेन्स आखूड असली की पक्षी हमखास परत येईल अशी जागा लागते, आणि घरट्याइतकी हमखास जागा दुसरी नाही. ती चित्रं अजूनही सुंदर आहेत. पण त्या रीतीची किंमत पक्षी मोजत होता. चित्र स्वच्छ यावं म्हणून फांदी बाजूला केली की पिल्लांवर ऊन येतं, आणि कावळ्याला घरटं दिसतं. आज अनेक स्पर्धा घरट्यावरचे फोटो स्वीकारत नाहीत, ते यासाठीच.

म्हणून लांब लेन्सला आळशांचं साधन म्हणून मोडीत काढणं मला मान्य नाही. १९५९ च्या निकॉन एफनंतर एसएलआर कॅमेरे रुळले, चारशे-पाचशेच्या लेन्स हातात आल्या, आणि पक्ष्याला घरट्यापासून दूर, त्याच्या रोजच्या कामात टिपता येऊ लागलं. बंदुकीचीही गरज संपली. आमच्या जिल्ह्यालाच याचं उदाहरण आहे. रानपिंगळ्याचं वर्णन ह्यूमने १८७३ मध्ये केलं, तेही मारलेल्या पक्ष्यावरून. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा पुरावा नव्हता. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना तो पुन्हा दिसला. या वेळी पुरावा होता फोटो आणि व्हिडिओ. पक्षी झाडावर जिवंत राहिला. पुढच्या शोधात तो मेळघाटातही सापडला. एकोणिसाव्या शतकात जे काम काडतुसाने केलं, ते विसाव्याच्या शेवटी काचेने केलं, हा लेन्सचा मोठाच उपकार आहे.

तिसरा टप्पा आपल्या डोळ्यांसमोरचा. २०१३ ते २०१५ या काळात टॅमरॉन आणि सिग्मा यांच्या १५०-६०० आणि निकॉनची २००-५०० या लेन्स आल्या. एरवी सहाशेची मोठी लेन्स कित्येक लाखांची. या लाखाच्या आसपास मिळू लागल्या. २०२० नंतरचे कॅमेरे तर पक्ष्याचा डोळा स्वतःच शोधतात. अंतर स्वस्त झालं, तशी माणसं वाढली. एकटा माणूस ४० मीटरवर थांबला तर तणमोराला चालतं. दहा माणसं थांबली तर चालत नाही.

तणमोर हा इथला कळीचा पक्षी. पावसाळ्यात नर गवतातून एकाच ठरलेल्या जागेवरून पुन्हा पुन्हा उडी मारतो, मादीला दिसावं म्हणून. त्याची जागा सुटली तर हंगाम गेला. २०२१ पासून तो जगभरात 'अतिसंकटग्रस्त' यादीत आहे. अकोला-वाशीमच्या गवताळ रानांत कारंजा लाडच्या 'संवेदना' संस्थेने त्याच्यासाठी काम केलं ते फासेपारध्यांना सोबत घेऊन. तणमोर कुठे असेल, कुठलं गवत त्याला लागतं, हे ज्यांना पिढीजात ठाऊक होतं, त्यांनाच त्याचे राखणदार केलं. कायद्याला न सुचलेला विचार तो हाच.

आता लेन्सचा आकडा. आमच्या माळासाठी मी १५०-६०० सुचवतो. खिसा हलका असेल तर जुनी ४०० मिमी, एफ ५.६ची. ती सव्वा किलोची आहे, हात दुखत नाही. पाचशेची आरशाची लेन्स स्वस्त आणि आटोपशीर असते, पण ती मागच्या गवताच्या प्रत्येक चमकत्या थेंबाचं कडं करते. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी नऊनंतर सहाशे असूनही उपयोग नाही. तापलेल्या काळ्या मातीवरची हवा थरथरते आणि पीस न् पीस पुसून टाकते. लेन्स जितकी लांब, तितकी ती थरथरही मोठी. तेव्हा जवळ असणाऱ्याचाच फोटो स्वच्छ येतो. तणमोराच्या उडीसाठी शटर १/२००० ठेवा, ठरलेल्या जागेवर आधीच फोकस करा आणि गाडीतून उतरू नका. बाकी पक्ष्यांसाठी वखरणीचा ट्रॅक्टर बघा. बगळे, कोतवाल, साळुंक्या त्याच्या मागेच असतात. शेतकऱ्याला विचारून ट्रॅक्टरवर बसलात, तर दोनशेची लेन्सही पुरते. गायक्यांचा बैल आता डिझेलवर चालतो, इतकंच.

एक शेवटची सूचना. फोटोखाली आपण लिहितो: ६०० मिमी, एफ ८, १/२०००, आयएसओ ८००. ज्याने रान दाखवलं, कुठे थांबायचं ते सांगितलं, त्याचा उल्लेख त्यात क्वचितच असतो. तो पारधी असला तर बहुतेक वेळा नसतोच. त्याला विचारून त्याचं नाव लिहा, आणि गाइडला देता तितके पैसे त्यालाही द्या. साडेसत्तावीस मीटरांपैकी बरेचसे त्याने तुम्हाला चालून दिलेले असतात.