यकृताचें कुंपण

१९४२ सालीं पीतज्वराची लस टोंचून घेतलेल्या अमेरिकन सैन्यांत काविळीची सांथ उसळली. सुमारें ५०,००० सैनिक आजारी पडले. लशींत घातलेल्या मानवी रक्तद्रवांत हेपॅटायटिस बीचा विषाणु होता. परंतु याहून कितीतरी अधिक जणांच्या शरीरांत तो शिरूनहि त्यांना कावीळ झाली नाहीं. विष एक, परिणाम भिन्न. असें कां व्हावें?

१९६५ सालीं ब्लूम्बर्ग यांनीं 'ऑस्ट्रेलिया प्रतिजन' जाहीर केलें. पुढें तें या विषाणूचेंच कवच ठरलें. रक्त तपासतां येऊं लागलें आणि कोडें वाढलें. कित्येकांच्या यकृतांत विषाणु वर्षानुवर्षें नांदे, तरी यकृत शाबूत राही.

१९७४ सालीं कॅनबेरा येथें डोहर्टी व झिंकरनागेल यांनीं, टी-पेशी विषाणुग्रस्त स्वकीय पेशी कशी ओळखून मारतात, तें उलगडलें. १९९० सालीं कॅलिफोर्नियांत चिसारी यांनीं विषाणूचें प्रथिन यकृतांत बाळगणारे, पण निरोगी उंदीर घेतले. त्यांना तयार टी-पेशी टोंचतांच यकृत सुजलें. कुंपणच शेत खात होतें! मात्र त्याच पेशींचा स्राव यकृतपेशी न मारतांहि विषाणूस हटवितो, हें १९९६ सालीं त्यांच्याच प्रयोगशाळेंत दिसलें.

जुनाट विकारांत ही लढाई ना जिंकली जाते, ना थांबते. नाश व डागडुजी यांच्या फेऱ्यांत यकृतावर व्रण साचतात. तरीहि कुंपण उपटणें हा उपाय नव्हे. प्रतिकारशक्ति दडपली असतां विषाणु पुन्हां उसळतो. शेत राखावयाचें तर चोरासच आवरलें पाहिजे. लस त्याला वेशीबाहेर ठेवते, औषधें त्याची वाढ रोखतात.