लॅपटॉप मदरबोर्ड : विद्युत बिघाडाचे निदान व दुरुस्ती

जादा दाब, विजेचा लोट, शॉर्टसर्किट किंवा ओल यांमुळे लॅपटॉपच्या मदरबोर्डला झालेली इजा मोजमापाने शोधून, निकामी झालेला सुटा भाग बदलून बोर्ड पुन्हा चालू करण्याचे काम. अख्खा बोर्ड बदलण्याहून ते वेगळे आहे. बंद पडलेल्या बोर्डवरचे शेकडो भाग शाबूत असतात आणि बिघाड पुष्कळदा एकदोन ठिकाणीच असतो. म्हणून कारागिराचा कस सोल्डरिंगपेक्षा निदानात लागतो.

उदाहरणादाखल चाकूर घ्या : लातूर–नांदेड महामार्गावरचे तालुक्याचे ठिकाण. अशा गावी सेवा केंद्रे, शाळा, फोटो स्टुडिओ आणि घरे यांत चालणाऱ्या लॅपटॉपच्या बिघाडाची सुरुवात बरेचदा सॉकेटच्या मागे होते. घरगुती वीज २३० व्होल्टची असते. डीपीकडून येणारी न्यूट्रल तार तुटली किंवा सैल झाली, की दोन फेजांमधला सुमारे ४०० व्होल्टचा दाब घरांमध्ये विषम वाटला जातो आणि ज्या फेजवर भार कमी तिथे तो चढतो. लॅपटॉपच्या अ‍ॅडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट ही मर्यादा छापलेली असते. नेहमीच्या दाबातही त्याच्या आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट येतात, आणि तो सहसा ४०० व्होल्टचा असतो. दाब फार चढला की तो फुगतो, फ्यूज उडतो. मात्र आतला ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजू अलग ठेवत असल्याने अशा वेळी बोर्ड बहुधा वाचतो. दुसरा चांगला अ‍ॅडॉप्टर लावून पाहण्याआधी ‘बोर्ड गेला’ असे सांगणे हा ग्राहकावर अन्याय आहे.

वळिवाच्या आणि परतीच्या पावसातल्या विजांची गोष्ट निराळी. वीज घरावरच पडली पाहिजे असे नाही. जवळ पडलेल्या विजेचा लोटही तारांतून आत येतो. तो लॅन किंवा एचडीएमआयच्या वायरीतून शिरला, तर पोर्टजवळच्या आयसीपासून चिपसेटपर्यंत काहीही जळू शकते, आणि चिपसेट गेल्यावर दुरुस्ती क्वचितच परवडते. इथे अर्थिंगचा प्रश्न येतो. सर्ज प्रोटेक्टरने वळवलेल्या लोटाला जमिनीत जायला वाट लागते. या भागात बेसॉल्टच्या खडकावर काळ्या मातीचा थर आहे. उन्हाळ्यात ती माती भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते आणि रोध वाढतो. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात पाणी घालावे, हे वायरमन सांगतोच. पण २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तसल्या उन्हाळ्यात खड्ड्यापर्यंत पाणी पोचत नाही. चार्जिंग चालू असताना लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर अर्थिंग तपासून घ्यावे.

बोर्डवर वीज पायऱ्यांनी उतरते. पुष्कळ यंत्रांत जॅकमधून आलेले सुमारे १९ व्होल्ट दोन मॉस्फेट आणि चार्जिंग आयसीच्या पहाऱ्यातून मुख्य वाटेवर येतात. त्यांतून आधी ३.३ आणि ५ व्होल्टचे कायम जागे राहणारे पुरवठे तयार होतात. बटण दाबल्यावर नियंत्रक आयसी रॅम, चिपसेट आणि शेवटी प्रोसेसरचे पुरवठे क्रमाने उठवतो. ही साखळी कुठे थांबली, हे शोधणे म्हणजेच निदान.

बॅटरी काढून बोर्ड प्रवाहमर्यादा असलेल्या डीसी सप्लायवर लावतात आणि अँपिअरचा आकडा पाहतात. प्रवाह थोडा दिसतो पण बटण दाबूनही हलत नाही, तेव्हा पुढची एखादी पायरी अडली आहे. आकडा शून्य असेल तर नवखा कारागीर फसतो. मुख्य वाट शॉर्ट असली तर अनेक बोर्डांत चार्जिंग आयसी मॉस्फेट उघडतच नाही आणि सप्लायवर काहीच दिसत नाही. म्हणून वीज देण्याआधी मल्टिमीटरने प्रत्येक कॉइलपासून ग्राउंडपर्यंतचा रोध मोजावा. मुख्य वाटेवर तो जवळजवळ शून्य आला तर शॉर्ट आहे. प्रोसेसरच्या कॉइलवर मात्र काही ओहम किंवा त्याहूनही कमी रोध हा निरोगी बोर्डचा आकडा असू शकतो. तो शॉर्ट समजून प्रोसेसरला उष्णता दिली, की चांगला बोर्ड दुकानातच मरतो.

शॉर्टची जागा सापडत नसेल तर त्या वाटेवर बाहेरून सुमारे १ व्होल्ट देतात. वाटेच्या मूळ दाबापेक्षा जास्त कधीही द्यायचा नाही. दोषी भाग तापतो. थर्मल कॅमेरा नसला तरी आयसोप्रोपाइल अल्कोहोल शिंपडले की जिथे ते आधी उडून जाते तिथे बोट ठेवता येते. पुष्कळदा तो तांदळाच्या दाण्याहून लहान सिरॅमिक कॅपॅसिटर निघतो. प्रोसेसरच्या पुरवठ्यातला वरचा मॉस्फेट फुटून १९ व्होल्ट थेट प्रोसेसरमध्ये गेले असतील, तर मात्र आशा थोडी.

भाग काढताना फ्लक्स लावून हॉट एअर वापरतात. शिशाचे सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळते, कारखान्यातले शिसेविरहित सुमारे २१७ अंशांना. त्यामुळे बोर्ड आधी खालून तापवून घेतला तर तांब्याच्या पट्ट्या उखडत नाहीत. तुटलेली रेषा इनॅमल तारेने जोडतात. नवा मॉस्फेट बसवल्यावर जुना कशाने जळला हे न शोधता पूर्ण प्रवाह देऊ नये. बायोसची चिप बिघडली असल्यास प्रोग्रामरवर ती पुन्हा लिहितात, पण जुन्या मजकुराची प्रत आधी घ्यावी.

सुटे भाग बहुधा भंगार बोर्डवरून मिळतात. नवे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये, आणि लातूर रोड जंक्शनवरून बिदरमार्गे सिकंदराबादची गाडी चाकूरला सोयीची आहे. खरी अडचण सर्किट डायग्रामची. कंपन्या तो स्वतंत्र कारागिराला सहसा देत नाहीत. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, तरी गावच्या टेबलावर डायग्राम पोचल्याशिवाय तो हक्क अपुराच राहील.

बोर्ड वाचला नाही तरी माहिती वाचू शकते. सुटी एसएसडी दुसऱ्या यंत्राला जोडता येते. बिटलॉकर चालू असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की लागते. स्टोरेज बोर्डवरच सोल्डर केलेले असेल, तर माहिती मिळवण्यासाठी आधी तोच बोर्ड निदान एकदा तरी चालू करावा लागतो.