द डेव्हिल इज लूज

आशा पुथली यांचा १९७६ सालचा इंग्रजी गाण्यांचा अल्बम. सीबीएस कंपनीने तो जर्मनीत काढला. निर्माता डीटर झिमरमन. सोल आणि फंक, नुकताच वयात येऊ लागलेला डिस्को आणि साठच्या दशकातून उरलेली सायकेडेलिक धुंदी असा त्याचा ऐवज. अमेरिकेच्या आणि युरोपच्या जुन्या तबकड्या धुंडाळणाऱ्यांमध्ये या अल्बमला मोठा मान आहे. गायिका मुंबईची असूनही खुद्द मुंबईत मात्र त्याचे नाव फार थोड्यांच्या ओठी येते.

पुथली यांचा जन्म १९४५ साली मुंबईत झाला. कुंवरश्याम परंपरेतले पं. लक्ष्मणप्रसाद जयपूरवाले यांच्याकडे त्या हिंदुस्थानी कंठसंगीत शिकल्या आणि त्याच सुमारास ऑपेराच्या पद्धतीने गळा तयार करण्याचे धडेही घेतले. जॅझची ओढ रेडिओने लावली. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांचा आवाज मुंबईतल्या बीट ग्रुपांबरोबर रेकॉर्डवर आला. सॅव्हेजेस या ग्रुपसोबतचे ‘पेन’ हे गाणे त्या काळातले. लेखक वेद मेहता यांनी मुंबईतल्या जॅझविषयी लिहिताना त्यांच्याबद्दल आवर्जून लिहिले आणि तो मजकूर ‘पोर्ट्रेट ऑफ इंडिया’ (१९७०) या पुस्तकात आला. परदेशी जाण्यासाठी ब्रिटिश विमान कंपनीत हवाई सुंदरीची नोकरी, मग न्यूयॉर्कमध्ये मार्था ग्रॅहॅम यांच्या नृत्यशाळेची शिष्यवृत्ती अशा वाटेने त्या अमेरिकेत पोचल्या.

त्या दिवसांतली मुंबई पाश्चात्त्य संगीताला परकी नव्हती. शीव कोळीवाड्याजवळचे षण्मुखानंद सभागृह १९६३ मध्ये सुरू झाले. शास्त्रीय मैफलींसाठी नावाजलेल्या त्याच रंगमंचावर सिम्ला या सिगारेटच्या नावाने भरणाऱ्या ‘सिम्ला बीट’ स्पर्धेच्या अंतिम फेऱ्या रंगत. देशभरचे ग्रुप तिथे विजेची गिटार घेऊन उतरत. त्यांतल्या निवडक ग्रुपांच्या १९७० आणि १९७१ सालच्या एलपी आज संग्राहकांच्या दृष्टीने दुर्मीळ ठेवा झाल्या आहेत. १९७२ मध्ये लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, इथल्या वादकांना घेऊन त्यांनी ध्वनिमुद्रण केले आणि कुलाब्याच्या स्लिप डिस्क क्लबात वाजवलेही. पुथली यांचा कान अशा शहरात घडला होता, ही गोष्ट त्यांचा अल्बम ऐकताना ध्यानात ठेवावी.

न्यूयॉर्कमध्ये सीबीएसचे जॉन हॅमंड यांनी त्यांना हेरले. बिली हॉलिडे आणि बॉब डिलन यांना रेकॉर्डपर्यंत आणणारा हा माणूस. त्यांच्यामुळे सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांच्या ‘सायन्स फिक्शन’ या अल्बमात पुथली यांना दोन गाणी मिळाली: ‘व्हॉट रीझन कुड आय गिव्ह’ आणि ‘ऑल माय लाइफ’. ध्वनिमुद्रण १९७१ मधले. कोलमन यांच्या संगीतात सुरावटीला नेहमीच्या कॉर्डचा आधार नसतो. वाद्ये आपापल्या दिशांना धावत असतात आणि गाणाऱ्याला स्वतःचा स्वर स्वतःच सांभाळावा लागतो. तंबोऱ्यावर स्वर लावायची सवय असलेल्या गळ्याला ते साधले. जॅझच्या इतिहासात पुथली यांची जागा या दोन गाण्यांनी पक्की केली.

पुढे १९७३ मध्ये लंडनला डेल न्यूमन यांच्या निर्मितीखाली ‘आशा पुथली’ हा पहिला स्वतंत्र अल्बम झाला. त्यातले जे. जे. केल यांचे ‘राइट डाउन हिअर’ आजही ऐकावे असे आहे. मूळचे सुस्त ब्लूज गाणे इथे फंकच्या ठेक्यावर सरपटत येते. मात्र पुथली यांच्या आवाजाला हवी तेवढी मोकळी जागा मिळाली ती ‘द डेव्हिल इज लूज’मध्येच.

जर्मनीतले ते दिवस डिस्कोच्या भरतीचे. म्युनिकमध्ये जॉर्जिओ मोरोडर आणि डॉना समर यांचे ‘लव्ह टू लव्ह यू बेबी’ १९७५ मध्ये तयार झाले होते आणि त्याच वर्षी सिल्व्हर कन्व्हेन्शनचे ‘फ्लाय, रॉबिन, फ्लाय’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले होते. व्हायोलिनांचा ताफा, ठाम बेस आणि कुजबुजता स्त्रीस्वर ही त्या संगीताची ठरीव घडण. झिमरमन यांनी हाच साचा घेतला, पण त्याचा वेग आवरला. नाचणाऱ्याला दमवण्याची घाई या अल्बमला नाही.

‘स्पेस टॉक’ हे त्यातले सर्वांत गाजलेले गाणे, आणि ते सावकाश ऐकण्यासारखे आहे. बेस एक छोटी चाल धरतो आणि ती शेवटपर्यंत सोडत नाही. तिच्यावर तंतुवाद्ये लांब पल्ल्याचे सूर पसरतात. मग आवाज येतो, तोही जवळजवळ श्वासातून. पुथली शब्द ठासून म्हणत नाहीत. स्वराच्या किंचित खालून येऊन त्यावर टेकतात, तिथे क्षणभर थांबतात आणि शब्द विरायच्या आत वरच्या सप्तकात निसटतात. ही मींड आहे. आलापी ऐकलेला कान ती लगेच ओळखतो, मात्र राग दाखवण्याचा सोस तिला नाही. बंदिशीतला मुखडा जसा ठरल्या मात्रेवर हमखास परततो तसा इथे बेस परततो, आणि त्याच्या भरवशावर गायिका लयीच्या मागेपुढे खेळत राहते. अंतराळाच्या विषयाला हा अधांतरी गळा नेमका शोभतो.

‘फ्लाइंग फिश’मध्ये हीच तरलता अधिक मादक आहे. शीर्षकगीत तुलनेने उघडे, ठसकेबाज. सगळा अल्बम एकाच तोलाचा नाही. काही गाणी त्या काळच्या युरोपीय पॉपच्या सरधोपट वाटेने जातात. पण सतार-तबल्याची फोडणी देऊन ‘पूर्वेचे गूढ’ विकण्याचा धंदा तेव्हा जोरात असताना पुथली यांनी आपले भारतीयपण गळ्यात ठेवले, वाद्यवृंदात सजवून मांडले नाही. या अल्बमचे मोल त्यात आहे. तबकडी आजही शिळी वाटत नाही, त्याचे कारणही तेच.

न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मँकुसो १९७० पासून आपल्या राहत्या जागेत ‘द लॉफ्ट’ या नावाने नृत्यमेळावे भरवत. तिथे गाणे रेडिओवर गाजले आहे की नाही, याला किंमत नसे. ध्वनियंत्रणा उत्तम आणि निवड मँकुसो यांची. ‘स्पेस टॉक’ तिथल्या नाचणाऱ्यांचे लाडके झाले आणि युरोपात निघालेल्या या तबकडीला अमेरिकेत रसिक मिळाले. पुढची पायरी हिपहॉपची. रॅपर नटोरियस बी.आय.जी. यांचा ‘लाइफ आफ्टर डेथ’ हा अल्बम त्यांच्या हत्येनंतर काही दिवसांतच, मार्च १९९७ मध्ये, बाजारात आला. त्यातल्या ‘द वर्ल्ड इज फिल्ड’ या गाण्याचा पाया ‘स्पेस टॉक’मधून घेतलेल्या तुकड्यावर आहे. अमेरिकेत हा अल्बम प्रचंड खपला. मुंबईच्या गायिकेचे संगीत अशा रीतीने तिचे नावही न ऐकलेल्या लाखो घरांत पोचले.

मुंबईत मात्र ही तबकडी तेव्हा दुकानात सहज मिळणारी नव्हती. जे संगीत इथे ध्वनिमुद्रित झाले नाही आणि चित्रपटातही आले नाही, त्याची नोंद ठेवायची कोणी, हा प्रश्न मराठी संगीतलेखनाने स्वतःला क्वचितच विचारला. घराणी, नाट्यसंगीत आणि भावगीत यांवर मराठीत भरभरून लिहिले गेले. पण जयपूरवाले यांच्याकडे शिकून कोलमन यांच्याशेजारी उभ्या राहिलेल्या विद्यार्थिनीचे काम त्या नकाशात बसले नाही. ही उणीव भरून काढण्याजोगी आहे.

ब्रिटनच्या मिस्टर बोंगो या कंपनीने अल्बम एलपीवर पुन्हा काढला आणि २०२२ मध्ये ‘द इसेन्शियल आशा पुथली’ हा निवडक गाण्यांचा संग्रहही आणला. प्रथमच ऐकणाऱ्याने ‘राइट डाउन हिअर’पासून सुरुवात करावी, मग ‘स्पेस टॉक’ आणि ‘फ्लाइंग फिश’ ऐकावीत आणि कान सरावल्यावर ‘सायन्स फिक्शन’कडे वळावे. पुथली यांनी नंतरही गाणे सोडले नाही. जून २०२४ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्या इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी महोत्सवात गायल्या.