तारा निघाल्या, आता दात धरून कोण ठेवणार?

गावोगावच्या शाळा-कॉलेजातल्या मुलींच्या दातांवर आता तारा दिसतात. दीड-दोन वर्षं शहराच्या फेऱ्या, त्यासाठी साठवलेले पैसे, आणि तारा निघाल्या की डॉक्टर हातात एक प्लेट देतात. तिला रिटेनर म्हणतात. “दात तर सरळ झाले, आता हे कशाला?” असं म्हणून ती कपाटात जाते. या ‘कशाला’चं उत्तर इतिहासात आहे.

दात सरळ करायची धडपड जुनी. पॅरिसच्या पिएर फोशार यांनी 1728 साली दातांच्या उपचारांवर ग्रंथ लिहिला. धातूची पट्टी दोऱ्याने बांधून दात ओढून घ्यायची रीत त्यात आहे. 1900 साली अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात एडवर्ड अँगल यांनी याच विषयाची शाळा काढली. दात सरकवणं जमलं, पण सरकवलेला दात जुन्या जागेकडे परत निघायचा. म्हणून 1919 मध्ये चार्ल्स हॉली यांनी टाळूला चिकटून बसणारी, पुढच्या दातांवरून तार जाणारी प्लेट मांडली. शंभर वर्षं उलटली तरी तिला हॉली रिटेनरच म्हणतात. आधी ती कडक रबराची असे, आता आजीच्या कवळीसारखी अ‍ॅक्रिलिकची असते. 1971 मध्ये रॉबर्ट पोनिट्झ यांनी पारदर्शक रिटेनरची पद्धत मांडली.

पण दात मागे का जातो? नॉर्वेचे कारे राइटन यांनी 1959 मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून ते दाखवलं. दाताभोवतीचं हाड नव्या जागी काही महिन्यांत बसतं, पण हिरडीतले धागे ताणलेल्या रबरासारखे बराच काळ दाताला ओढत राहतात.

पुढे अमेरिकेतल्या सिॲटल शहरातल्या संशोधकांनी, काही दात काढून जागा करून तारा लावलेल्या 65 जणांना तपासलं. रिटेनर बंद होऊन किमान 10 वर्षं झाली होती. सुमारे दोन तृतीयांश जणांचे खालचे पुढचे दात पुन्हा वाकडे झाले होते. हे 1981 साली छापून आलं.

पुढच्याच वर्षी, 1982 मध्ये, आपल्या शहरात शासकीय दंत महाविद्यालय सुरू झालं. त्याआधी राज्यात अशी सरकारी महाविद्यालयं मुंबई आणि नागपूरला होती. म्हणजे आपल्या दारी हा उपचार आला, तेव्हा जगाला हा धडा मिळालेला होता. आपण तो पैसे घालवून पुन्हा का शिकायचा?

आता काळजी. सुरुवातीचे महिने बहुतेकदा जेवण सोडून दिवसरात्र रिटेनर लावायचा असतो, नंतर रात्री. किती दिवस, ते डॉक्टर ठरवतील. स्वतःहून बंद करू नका. थंड पाण्यात मऊ ब्रशने हलकेच घासा. गरम पाणी, चूल, कडक ऊन यांनी प्लेट वाकडी होते. जेवताना कागदात किंवा रुमालात गुंडाळून ठेवली, की ती खरकट्याबरोबर जाते. म्हणून डबी हवीच. काहींना दातांच्या मागे बारीक तार चिकटवलेली असते. तिथे नीट घासा, आणि ती सुटली तर लगेच दाखवा. प्लेट सैल, घट्ट वाटली किंवा तडा गेला, तर जबरदस्तीने बसवू नका, डॉक्टरांकडे न्या.

लेक शिकायला वसतिगृहात जाते, लग्न होऊन सासरी जाते. नव्या घरी रात्री तोंडात प्लेट घालायला ती लाजते, आणि नेमका तिथेच नेम तुटतो. ती डबी तिच्या बॅगेत आठवणीने ठेवा. सासूबाईंनीही विचारावं, “बाई, प्लेट लावलीस का?” गटाच्या येत्या बैठकीत, ज्यांच्या घरी तारा लागल्या आहेत त्यांनी हा विषय जरूर काढा.