एका मुलुखाने केलेला अर्ज



मी डॉक्टर नव्हे. शाळाही लवकर सुटली. जे थोडेफार वाचले ते युनियनच्या कचेरीत, पाळी संपल्यावर. तरीही आहार आणि रोग या विषयावर बोलायला उभा राहिलो, याला कारण आहे. संघटनेच्या तीस वर्षांच्या कामात पन्नाशी न गाठलेल्या कितीतरी सोबत्यांच्या तिरडीला मी खांदा दिला. त्यांत यंत्रात सापडून गेलेले थोडे. छातीत कळ येऊन गेलेले पुष्कळ. स्मशानातून परतताना दर वेळी कोणीतरी म्हणे, "नशीब त्याचे!" नशिबाच्या या बोलण्यावरचा माझा विश्वास एका दूरच्या मुलुखाच्या इतिहासाने उडवला. तोच आज आपणांपुढे ठेवतो.

फिनलंडच्या पूर्वेस, रशियाच्या सीमेला लागून, उत्तर करेलिया नावाचा प्रांत आहे. घनदाट जंगल, कडक थंडी, विरळ वस्ती. माणसे लाकूडतोडी, नाहीतर चार गाई पाळणारे लहान शेतकरी. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे अनेकांना जमिनीचे तुकडे मिळाले, गाई आल्या, आणि युद्धात उपासमार पाहिलेल्या घरांत दुधालोण्याची चंगळ झाली. पावावर लोण्याचा जाड थर, सायीचे दूध, डुकराचे चरबीदार मांस, भरपूर मीठ. पालाभाजी हे जनावरांचे खाणे, अशी समजूत. सुबत्ता म्हणजे लोणी, असा हिशेब होता.

१९५८ मध्ये अमेरिकेचे संशोधक अ‍ॅन्सेल कीज यांनी सात देशांतील पुरुषांचा आहार आणि हृदयविकार यांचा अभ्यास सुरू केला. त्यात पूर्व फिनलंडची स्थिती सर्वांत वाईट निघाली. दिवसभर कुऱ्हाड चालवणारे काटक गडी ऐन उमेदीत हृदयविकाराने मरत होते. दुसऱ्या टोकाला ग्रीसचे क्रीट बेट होते. तेथला शेतकरीही गरीब आणि कष्टाळूच. पण त्याच्या ताटात भाकरीसारखा जाडाभरडा पाव, कडधान्ये, पालेभाजी, फळे आणि ऑलिव्हचे तेल. त्याच्या वाट्याला हा रोग क्वचित येई. घाम दोघेही गाळत होते. फरक होता तो ताटात.

याचे कारण थोडक्यात सांगतो. लोणी, साय, मांसाची चरबी यांतील स्निग्धांश रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवतो. ते हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांच्या भिंतींत साठत जाते आणि वाट अरुंद होते. द्रवरूप वनस्पती तेले, कडधान्ये आणि भाज्यांतील चोथा यांनी ते उतरते.

आता खरी गोष्ट. १९७१ च्या जानेवारीत त्या प्रांताचे गव्हर्नर, लोकप्रतिनिधी आणि संस्थांचे प्रमुख यांनी सरकारकडे लेखी अर्ज केला: आमची माणसे मरत आहेत, काहीतरी करा. १९७२ मध्ये काम सुरू झाले. प्रमुख होते पेक्का पुस्का, विशीतले डॉक्टर. नुसती पत्रके वाटून भागणार नाही, हे त्यांनी ओळखले. मार्था या गृहिणींच्या संघटनेने गावोगाव मेळावे भरवले; नेहमीचाच रस्सा मांस कमी आणि भाजी जास्त घालून रांधून वाढला. मोहरीच्या कुळातील एक तेलबी फिनलंडच्या थंडीत पिकते; तिचे तेल घरोघर आले. कोलेस्टेरॉल कोण जास्त उतरवतो, अशा गावागावांत चढाओढी लागल्या.

हे सुखासुखी झाले नाही. लोण्यावर ज्यांचे पोट, त्या दूधवाल्या शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. म्हणून पुढे त्यांच्यातील काहींना करवंदासारख्या बोरीफळांच्या लागवडीकडे वळवण्याची योजना निघाली. रोग हटवायचा तर कोणाची भाकरी जाते, हेही पाहावे लागते. हे मला त्या इतिहासात फार मोलाचे वाटते.

फळ काय मिळाले? १९७२ मध्ये दहांतले नऊ जण पावाला लोणी लावत. पुढे ते वीसांत एकावर आले. चाळीस वर्षांत कामाच्या वयातील पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. तंबाखू घटली, रक्तदाब उतरला, पुढे औषधोपचारही सुधारले, यांचा वाटा त्यात आहेच. पण पहिल्या काही दशकांत सर्वांत मोठा वाटा उतरलेल्या कोलेस्टेरॉलचा होता.

आपण म्हणाल, आमचे अन्न तर बहुतेक वनस्पतींचेच, मग हा रोग आमच्याकडे का? त्याचे उत्तर कारखान्याच्या दारात मिळते. मैद्याचा पाव, बटाटेवडा, साखरेचा चहा, हे सारे वनस्पतिजन्यच आहे! भारतात जानेवारी २०२२ पासून ट्रान्स मेदावर २ टक्क्यांची मर्यादा आली. त्याआधी वनस्पती तुपातून तो कित्येक वर्षे आपल्या पोटात गेला. वनस्पती म्हणजे ज्वारी, मटकी, हरभरा, मेथी. त्यांचे सत्त्व काढून तळलेला चोथा नव्हे.

येथे मला माझी चूक कबूल केली पाहिजे. १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत उपाहारगृहाची, आणि त्याच्या कारभारात कामगारांच्या प्रतिनिधित्वाची तरतूद केली होती. अशा समितीत मी वर्षानुवर्षे बसलो. वड्याचा भाव वाढू नये म्हणून भांडलो, जिंकलोही. तो कोणत्या तेलात तळला जातो, कितव्यांदा तळला जातो, हे एकदाही विचारले नाही. स्वस्त वड्याचा विजय आम्ही साजरा केला, आणि तो खाणाऱ्यांना पुढे खांदाही दिला.

गेल्या मागणीपत्रात आम्ही एक ओळ घातली: रोज उसळ आणि पालेभाजी, वड्याच्याच भावात. आमचेच लोक हसले. व्यवस्थापनाने ती खोडली. यंदा ती पुन्हा घालणार आहोत. उत्तर करेलियाच्या लोकांनीही आरंभ एका अर्जानेच केला होता.